मंतरलेला नाल

गावात नव्याने आलेल्या मंतरवाल्या बाबांनी घोडीच्या पुढच्या उजव्या पायावरून तीनदा हात फिरवला आणि घोडागाड्यांच्या तळावरची शंभरेक माणसं श्वास रोखून उभी राहिली. कुणी गाडीच्या टपावर चढलं होतं, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर. घोडी माझी, म्हणून मला अगदी पुढची जागा होती.

"दुखणं म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "अडकलेला वारा. उजवीकडून शिरलाय, मी डावीकडून काढतो. नालबंद, माझा नाल घे आणि डाव्या पायाला ठोक."

"बाबा, ती लंगडते उजव्या पायाने," मी म्हणालो.

"घरात धूर झाला की तू चुलीलाच खिडकी पाडतोस का?"

लोक हसले. मीही ओशाळून हसलो.

नालबंद म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घोडी बाबांना दाखवायचा आग्रह त्याचाच. वीस वर्षं माझ्या प्रत्येक जनावराला त्यानेच नाल मारले होते. तो लोकांकडे पाठ करून वाकला, घोडीचा पाय मांडीवर घेतला, जुना नाल उपटला आणि बाबांनी फुंकर घातलेला नवा ठोकून मोकळा झाला. मग मी घोडीला दुडक्या चालीने पळवलं.

घोडं लंगडतं की नाही, हे आम्ही गाडीवाले मानेवरून ओळखतो. दुखरा पाय जमिनीला टेकला की मान वर उडते. दोन महिने माझी घोडी पावलागणिक मान उडवत होती. त्या दिवशी मान सरळ ठेवून गेली आणि सरळ ठेवूनच आली. तळावर एकच गलका झाला. चाळीस वर्षं लगाम धरलेला मी, पण माझेही डोळे भरून आले.

"उद्यापासून जुंप," बाबा म्हणाले. "संशय घेतलास तर वारा परत फिरेल."

तबेल्याच्या भिंतीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद होता. अक्षरओळख मला म्हातारपणी झाली, त्यामुळे तो कागद मी रोज बोट ठेवून वाचायचो. शीर दुखावली आहे. सहा आठवडे पूर्ण विश्रांती. मग हाताने धरून, सपाट रस्त्यावर, रोज दहा मिनिटं चालवणं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. गाडी चौथ्या महिन्यात, तीही रिकामी. आम्ही वीस मिनिटांवर आलो होतो.

"अजून कागदच वाचत बसा," बायको म्हणाली. "अहो, माझ्या भावाने स्वतःच्या हाताने नाल मारलाय. तो काय आपलं वाईट करेल?"

इथेच मी फसलो. बाबांवर माझा कधीच भरवसा नव्हता. मेहुण्यावर होता. सकाळी घोडी जुंपली, दोन उतारू बसवले, एक फेरी मारली. मान सरळच होती. पण तळावर परतल्यावर ती चाऱ्याला तोंड लावेना. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकी, क्षणात पुन्हा पहिल्यावर. मी तिला गाडीतून सोडलं आणि डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला.

त्या आल्या तोवर पुन्हा गर्दी जमली होती. बायको आली होती, मेहुणाही मागे उभा होता.

"चालवा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, मान नका पाहू. पाऊल किती पुढे पडतंय ते पाहा."

मी पाहिलं. पावलं आखूड पडत होती, दोन्ही पायांची. निखाऱ्यावरून चालल्यासारखी. बाईंनी दोन्ही खुरांवर हात ठेवला.

"डावा तापलाय. हा नाल काढते."

"मंतरलेला आहे, बाई," मागून कुणीतरी बजावलं.

"मग मंतर काढून तुमच्याकडे देते, जपून ठेवा."

त्यांनी खिळे उपटले. नाल सुटला, आणि त्याच्याखालून वाटाण्याएवढा गोल खडा माझ्या पायाशी पडला.

"आता चालवा."

डावा पाय मोकळा झाला होता. चार पावलांत घोडी पहिल्यासारखी मान उडवायला लागली. उजवा पाय दुखत होता तसाच दुखत होता.

"एकच पाय दुखला की मान उडते," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "दोन्ही सारखेच दुखले की उडवून उपयोग नसतो. बाबांनी दुखणं काढलं नाही, जोडीला दुसरं घातलं. आणि त्यावर हिने गाडी ओढली."

मी खाली बसून उजव्या पायाची शीर चाचपली. दोन महिन्यांत उतरलेली सूज परत आली होती.

बायको भावाकडे वळली. "नाल तू मारलास ना रे?"

"ताई, एका दिवसाचाच प्रश्न होता. उद्या मी काढणारच होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाजी, बाबा म्हणाले, तुमची घोडी चालली की अख्खा तळ आपल्याकडे येईल. तुम्ही सहजासहजी फसणारे नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तुमचीच घ्यायची ठरली."

"आणि मी आज जुंपणार, हे तुला माहीत होतं?"

बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती घराकडे चालू लागली. बाबा म्हणे सकाळीच पुढच्या गावाला गेले होते.

घोडी पुन्हा सहा आठवडे उभी राहणार. तिला आता दुडकी चाल बहुधा कधीच जमणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गर्दी पांगली तरी मेहुणा घुटमळत होता. "खूर तरी नीट तासून देतो, दाजी," म्हणत तो घोडीजवळ गेला. वीस वर्षांची सवय. त्याने हात पुढे करायच्या आधीच तिने डावा पाय उचलून त्याच्या हातात दिला. त्याला तो धरवला नाही. मी म्हणालो, "जा तू."

वाचणाऱ्यांनो, जनावराला विचारता येत नाही. ओळखीचा माणूस दिसला की ते पाय पुढे करतं. आपल्याला विचारता येतं. दुखतोय उजवा, तर नाल डाव्याला का, हा प्रश्न मी विचारला होता, आणि लोक हसले म्हणून सोडून दिला. तुम्ही सोडू नका. चमत्कार दिसला की आधी नाल काढून बघा, मग तो घरच्या माणसाने मारलेला का असेना.