करंगळीतले जळके रीळ

मी एक जुने प्रथिन आहे, मित्रांनो. एका फिटरच्या करंगळीत, कातडीच्या एका पेशीत माझा मुक्काम आहे. आम्हा आठ भावंडांचे मिळून एक रीळ होते आणि आमच्याभोवती डीएनएचा धागा पावणेदोन वेढे घेतो. त्याला गुंतू द्यायचे नाही, हेच आमचे काम. कौतुक मात्र सगळे धाग्याचे. रिळाला कोण विचारतो!

फिटरमामांच्या कारखान्यात मोठ्या नळांचे सांधे किरणांनी तपासत. ते काम त्यांची भाची करी. किरण सोडणारी धातूची गोळी एका जाड पेटीत असे. एका तारेने ती बाहेर काढत आणि परत आत ओढत. एकदा ती तारेवरून निसटून खाली पडली. किरण मोजायच्या मीटरची बॅटरी संपलेली, त्यात साहेबांची घाई, "माल आजच जायला हवा. मीटरचं उद्या बघू." गोळी आत आली असे समजून भाचीने रिकामीच पेटी बंद केली. मामांनी ती चकचकीत गोळी उचलली आणि चिमटीत धरून न्याहाळत बसले.

आत आभाळ फाटले. किरणांनी पाण्याचे कण फोडले आणि त्यांचे तुकडे पिसाळल्यासारखे धाग्याला डसू लागले. आम्ही त्याला पोटाशी धरले. आमच्या आडोशाला होता तेवढा बराचसा वाचला. उघड्यावरचा दोन्ही पदरांसकट तटकन तुटला. माझे हात झडले. शेजारचा भाऊ धाग्यालाच कायमचा चिकटला. धाग्याच्या दुरुस्तीसाठी वाट मोकळी करायला आलेल्या प्रथिनांनी त्याचे तुकडे तुकडे केले. चिमटीतल्या पेशींची तर कत्तलच झाली.

तेवढ्यात भाची दुसरा मीटर घेऊन धावत आली.

"मामा, फेका ते! लांब व्हा!"

"अगं, साधा तुकडा आहे..."

"फेका म्हणते ना!"

पुढच्या काही आठवड्यांत बोटे आधी लाल झाली, मग फोडांनी भरली, मग काळी पडली. अंगठा आणि दोन बोटे कापावी लागली. खाटेपाशी भाची हुंदके देत म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

"रडून बोटं उगवत नाहीत," मामा म्हणाले. "साहेब परत घाई करतील, तेव्हा काय सांगशील?"

"मीटर नाही, तर काम नाही."

"मग पूस डोळे."

आणि साहेबांनी पुन्हा मीटरवाचून घाई केली, तेव्हा तिने ते त्यांना तोंडावर सांगितलेही. त्या दिवशी काम बंद राहिले.

मित्रांनो, आमचा धागा जोडला गेला, पण वेडावाकडा. त्यातली चूक उद्या काय करील, मला ठाऊक नाही. हे किरण दिसत नाहीत, लगेच चटकाही देत नाहीत. म्हणून आधी मीटर पाहा, मगच पाऊल टाका. आत आम्ही जिवाचे रान करूच. पण आम्हाला हात पुन्हा फुटत नाहीत.