गाडीचा घाम

"पप्पा, ती माझी पावडर आहे," दीक्षा म्हणाली.

"मग गाडी बी आता तुजीच हाय की," कोंडीराम म्हणाला आणि त्यानं डबा इंजिनाच्या पोटावर आणखी एकदा झटकला.

काळं इंजिन पांढरंफटक दिसायला लागलं. काळेवाडीच्या बोळातून जाणारी माणसं वळून बघत होती. म्हाताऱ्यानं सुनेचा पावडरचा डबा मोटारसायकलवर रिकामा करावा, हे काही रोज दिसत नाही. कोंडीरामला त्याचं काही नव्हतं. तेल जिथं दिसतं तिथून ते येत नसतं, हे त्यानं गॅरेजवर गिऱ्हाइकांना जन्मभर सांगितलं होतं. ते वर कुठंतरी पाझरतं, वारा त्याला पसरवतो, आणि लोक खालच्या भलत्याच बोल्टाला पाना लावून बसतात. म्हणून इंजिन आधी रॉकेलनं पुसायचं, कोरडं करायचं, पावडर मारायची आणि एक चक्कर मारून यायचं. पावडर जिथं पहिल्यांदा काळी पडेल तिथं दुखणं.

दुखण्याचेही त्यानं दोन प्रकार केले होते. खाली थेंब पडला तर गळती. नुसतंच ओलं राहिलं तर घाम. "जुनी गाडी हाय राव, घाम यायचाच," तो म्हणायचा. "घाम येतोय म्हंजी आत तेल हाय." घामासाठी त्यानं कधी कुणाचं इंजिन खोललं नाही.

आज मात्र खोलावं लागणार होतं. दीक्षाला चाकणला नोकरी लागली होती. सोमवारपासून सकाळची शिफ्ट. कंपनीची बस काळेवाडीत येत नव्हती, आणि गेटवरचा माणूस वाकून गाडीखाली बघायचा. तेल सांडणारी गाडी आत नाही. गाडी बाहेर हायवेला लावली, तर सुटताना ती जागेवर असेल याची खात्री कोण देणार?

केसरबाई उंबऱ्यात उभी होती, हातात तिचं पांढरं फडकं. चावी तिनं सकाळीच दिली होती. देताना नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "चालू करा. पर घाम तेवढा ऱ्हाऊ द्या." कोंडीरामनं चावी खिशात टाकली होती.

गाडी नागसेनची होती. त्यांच्या एकुलत्या एका पोराची, दीक्षाच्या नवऱ्याची. तोही चाकणलाच जायचा, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये. गेल्या वर्षी तो प्रेसखाली सापडला. त्याला कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि त्याची मोटारसायकल त्याचा मित्र सनी चालवत घरी घेऊन आला. पोरगं काही आलं नाही, गाडी आली. केसरबाईनं इंजिनाला हात लावला तर ते गरम होतं. खालच्या बाजूनं तिची बोटं ओली झाली. ती कोंडीरामकडं बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलून गेला, "घाम आलाय तिला."

तो शब्द केसरबाईनं धरला. दर रविवारी ती गाडी पाण्यानं धुवायची, नागसेनला लहानपणी धुवायची तशी, कानाकोपरा चोळून. मग फडकं खालून फिरवायची. फडक्याला ओल लागली की तिच्या जिवाला बरं वाटायचं. पण उभ्या गाडीला घाम किती दिवस येणार? एका रविवारी फडकं कोरडं निघालं. केसरबाई गाडीशेजारी बसून राहिली, जेवायलासुद्धा उठली नाही. पुढच्या रविवारी ती उठायच्या आत कोंडीरामनं डब्यातल्या नव्या तेलाचं बोट जोडावर फिरवलं. गिऱ्हाइकाला कधी फसवलं नव्हतं, घरात फसवलं. त्याची त्याला लाज वाटायची, पण एकही रविवार त्यानं चुकवला नाही.

दीक्षानं किक मारली. सहाव्यासातव्या किकेला गाडी सुरू झाली आणि केसरबाईनं तोंडाला पदर लावला. गाडी चालवायला दीक्षाला नागसेननंच शिकवलं होतं. ती रहाटणीपर्यंत जाऊन आली. कोंडीराम गुडघ्यावर बसला. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाखाली, जोडावर, पावडरीत एक बारीक काळी रेघ उमटली होती.

"पॅकिंग गेलं," तो म्हणाला आणि त्यानं झाकणाच्या बोल्टाला पाना लावला. बोल्ट हलेना. त्यानं रॉकेल सोडलं, वाट बघितली, हातोडीनं हलकेच ठोकलं आणि पुन्हा जोर लावला. कट्ट करून बोल्टाचं डोकं पान्यातच राहिलं. बाकीचा बोल्ट आतच अडकला.

दीक्षा खाली वाकली. तुटलेल्या जागी लाल गंज होता, पार आट्यांपर्यंत. ती कामासाठी घाईला आलेली, आणि सोमवार तोंडावर.

"हे पाण्यानं झालंय. दर रविवारी धुऊन धुऊन. पप्पा, तुम्हाला कळत होतं ना? मग आईंना सांगितलं का नाही?"

कोंडीराम पान्यातलं डोकं काढत बसला. त्याला पहिल्या रविवारपासून कळत होतं. बायको आत गेली की तो बोल्टांना ग्रीस लावायचा, पण पाणी आधीच आत शिरलेलं असायचं.

"माज्यामुळं सडली व्हय गाडी?" केसरबाईनं विचारलं.

"जुनी हाय ती. तुज्यामुळं कशाला?"

"आता तरी खरं बोला."

"व्हय," तो म्हणाला. "पाण्यानं गंजली."

केसरबाई उंबरा उतरून खाली आली. आवाज न चढवता म्हणाली, "तुमी मला सांगितलं न्हाई. मी बी तुमाला सांगितलं न्हाई. नागसेनच्या गाडीचं तेल काळं व्हतं. मधनं फडक्याला पिवळंधमक लागाया लागलं. मी काय येडी हाय का?"

कोंडीरामला मान वर करवेना. "मग पुसत का ऱ्हायलीस?"

"तुमी लावत व्हता म्हणून."

दीक्षा घरात निघून गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, मग नळाचा.

केसरबाईनं खाली बसून ते फडकं पावडरीतल्या रेघेवर टेकवलं. या वेळी ते काळं निघालं. नागसेननं स्वतः भरलेलं, त्यानं चाकणपर्यंत पळवलेलं तेल. तिनं डाग आत ठेवून फडक्याची घडी घातली.

"बंद व्हणार का आता हे?"

"व्हय. बंद न्हाई केलं तर पोरीला गेटवरनं माघारी लावत्याल."

"करा मग," ती म्हणाली.

त्यानं दुपारभर खपून बोल्टाचा तुकडा काढला. इंजिनातलं जुनं तेल उतरवलं, ते एका डब्यात मावलं. इंजिनातलं जुनं तेल उतरवलं, ते एका डब्यात मावलं. नवे बोल्ट बसवले, आट्यांना ग्रीस लावून, आणि नवं तेल भरलं. पुन्हा पावडर मारली, पुन्हा दीक्षा रहाटणीला जाऊन आली. पावडर पांढरीच राहिली. आपलं काम इतकं चोख झाल्याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

मग तो काळ्या तेलाचा डबा आणि एक ब्रश त्यानं केसरबाईपुढं ठेवला. "पाणी न्हाई लावायचं. रविवारी ह्याचा हात फिरवायचा बोल्टावरनं. गंज धरत न्हाई."

दीक्षा कामावर जायला लागली. गेटवर कुणी अडवलं नाही. तिकडून आली की ती गाडी दाराशी लावायची आणि आत जायची.

रविवारी केसरबाई डबा घेऊन बसली. तिनं ब्रश तेलात बुडवला, डब्याच्या काठावर पुसला, पुन्हा पुसला, आणि जवळजवळ कोरडाच पहिल्या बोल्टावर फिरवला. मग दुसऱ्या.

"एवढ्यानं काय व्हतंय?" कोंडीराम म्हणाला. "जरा जास्त घे की. गंज चढंल."

केसरबाईनं डब्यात वाकून बघितलं आणि झाकण घट्ट लावलं.

"पुरवायचं हाय," ती म्हणाली.