मनकर्णाबाईच्या पायातला कासरा

मी एक जुना कासरा आहे, मूर्तिजापूरचा. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, माझ्या गोष्टीला वास येतो.

किसनरावांनी नाल्यात अंबाडी कुजवली, तिचा वाख काढला आणि अंगणात मला वळलं. दुसरं टोक त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या हातात होतं. "ढिल्लं नोको सोडू वं," ते म्हणत आणि त्या हसून जोर लावत. पुढं कितीतरी वर्षं पोळ्याच्या सणाला मी गेरूनं रंगलो, बैलांसोबत मिरवलो.

किसनराव गेले. मनकर्णाबाई काशीला जाऊन आल्या. तिथं आवडीचं काहीतरी सोडायचं असतं, म्हणून दूध, दही, ताक सगळंच सोडून आल्या. घर माळकरी, मटण-मासळी कधीच नव्हती. गावानं त्यांचं फार कौतुक केलं.

साठ सालच्या सुमारास त्या म्हणू लागल्या, "बाबू, पायाले लय मुंग्या येतात रे." मुलगा जानराव हसला. मग त्या माणसं विसरू लागल्या, घर विसरू लागल्या. एकदा शकुंतला रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसल्या. गाडी थांबली म्हणून वाचल्या.

जानरावानं बाजारातल्या डॉक्टरांना आणलं. ते नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरच थांबले. "म्हातारचळ आहे. याला औषध नाही. बांधून ठेवा," म्हणाले. जानरावानं मला खुंटीवरून काढलं.

तेव्हा आलेली किळस अजून गेलेली नाही. जिनं मला वळताना हात लावला, तिच्याच घोट्याला माझी गाठ! कातडी सोलली, माशा घोंगावू लागल्या. मी मुतानं भिजायचो, वाळायचो, पुन्हा भिजायचो. जेवणाची थाळी लांबून सरकवत. शी!

लेक शकुन धामणगावहून आली आणि दारातच ओरडली, "दादा, माय हाये का ढोर हाये थे?" तिनं गाठ सोडली, मला पिशवीत कोंबलं आणि आईला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला पाहून तोंड वाकडं केलं. मग आजींची जीभ पाहिली. लालभडक, गुळगुळीत होती. तळव्यांना टाचणी लावून पाहिली आणि विचारलं, "आजी खातात काय?" काशीची गोष्ट निघाली. दूध-दही सुटल्यानं अंगातलं बी-बारा जीवनसत्त्व संपलं होतं, म्हणून त्याची लाल रंगाची इंजेक्शनं सुरू झाली. "सगळ्यांचं विसरणं असं बरं होत नाही," ते शकुनला म्हणाले, "पण आधी तपासायला तर हवं!"

हळूहळू मनकर्णाबाईंना नावं आठवू लागली. एक दिवस घोट्याचा वण चोळत त्यांनी विचारलं, "मले कोनं बांधलं व्हतं?" जानरावानं मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या काठी टेकत बाजारातल्या दवाखान्यात गेल्या आणि मला टेबलावर ठेवलं.

"हे घ्या डॉक्टरसायेब, तुमचं औषध. मले आता नाई लागत."

डॉक्टरांनी मला कोपऱ्यात भिरकावलं. कंपाउंडरनं खिळ्याला टांगलं. तिथून मी कपाटात पाहिलं. तीच लाल इंजेक्शनं! कापसाच्या जिनवाल्या शेठांना ताकदीसाठी टोचायला ठेवलेली. ती कशावर चालतात, हे सांगणारी डॉक्टरकीची मासिकं बाजूलाच होती, वेष्टनसुद्धा न फाडलेली. थू!

पुढं एकदा एका विसरभोळ्या आजोबांना त्यांची सून घेऊन आली. "वय झालं, आता..." डॉक्टर म्हणू लागले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. ते खुर्चीवरून उठले. "आजोबा, जीभ दाखवा."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी विसरू लागलं, तर दोर शोधू नका. डॉक्टरांना बोलवा, आणि ते उंबऱ्याबाहेर थांबले तर हात धरून आत आणा. मला बैल चालेल, खिळाही चालेल. माणसाचा घोटा पुन्हा नको.