मणक्यांमधली भाडेकरू

मित्रांनो, मनुष्यजात ताठ उभी आहे ती माझ्या जिवावर. निदान एक सलूनवाला तरी होता. तोही जरासा डावीकडे कलून.

मी त्याच्या कमरेतली एक जुनी चकती आहे. दोन मणक्यांच्या मधे राहते. शेजारी हाडाचे, त्यामुळे बोलणं नाही. रक्तवाहिन्या दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. ओलावा मिळतो तो झिरपून येईल तेवढाच. तरुणपणी मी चांगली गुबगुबीत होते. मालक दिवसभर खुर्चीभोवती वाकून दाढ्या करत. कौतुक व्हायचं ते त्यांच्या हाताचं.

मग मी सुकले, चपटी झाले आणि घरात एकदम माझंच नाव झालं. "यांची चकती गेली हो," मालकीणबाई फोनवर सांगायच्या. मी कुठं जाणार?

अर्धी दाढी झाली की मालकांना बसावं लागे. मेहुणे म्हणाले, "भावोजी, दुकान भाड्यानं द्या आता."

"आणि दिवसभर काय करू? तुझं तोंड बघू?"

शेवटी मालक एका नव्या उपचाराच्या चाचणीत गेले. सुईनं माझ्यात मूळ पेशी सोडायच्या, त्या इथं राहून माझी डागडुजी करतील, अशी आशा होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "निम्म्या लोकांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते शेवटी कळेल." मिठाचं पाणी दुसऱ्यांसाठी असणार, असं समजून मालकांनी मान डोलावली. मीही तसंच समजले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे कुणी राहायला येणार होतं.

सुई आली. पाणी आलं. खारट होतं. मागून कुणी येतंय का, म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली.

मालक मात्र हळूहळू उभे राहू लागले! "पेशी आत कामाला लागल्यात," ते कात्री चालवत सांगत. "मला जाणवतं ना."

"उरल्या असतील तर माझ्या डोक्यात सोडा," दाढीला आलेला टकलू म्हणाला.

चाचणी संपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला मिठाचं पाणी दिलं होतं. चकती होती तशीच आहे."

"अहो, मग हे उभे कसे राहिले?" मालकीणबाईंनी विचारलं.

"राहतात काही जण. का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही."

मालक घरी आले. आता पुन्हा खाली बसणार, असंच सगळ्यांना वाटलं.

मित्रांनो, तासन्‌तास वाकून बसू नका. मधेमधे उठा, चाला. तुम्ही हललात की आमच्यापर्यंत थोडं पाणी पोचतं. तेवढीच आमच्याकडे वर्दळ.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दुकान उघडलं आणि ते संध्याकाळपर्यंत उभे होते. कंबर दुखली नाही. माझ्याकडे अजूनही कुणी राहत नाही.