अत्तरवाल्याची कुत्री

"हाड! हाड म्हणतोय ना!"

अत्तरवाल्यानं बसथांब्यावर पाय आपटला. कुत्री दोन पावलं मागे सरली आणि तीन पावलं पुढे आली. हाडांवर पोसलेल्या कुत्र्यांना ‘हाड’ म्हणून हाकलायचं म्हणजे त्यांना जेवायला बोलावण्यासारखंच. त्यातली लंगडी तर सरळ येऊन त्याची चप्पल चाटायला लागली. तिच्या पाठीवरचे केस खरजेनं गेले होते, उघड्या कातडीवर पिवळे खवले धरले होते, आणि कानामागे गोचीड वाटाण्यासारखे टम्म फुगून बसले होते. जीभ तेवढी गुलाबी, ओली आणि निर्लज्ज.

थांब्यावरची माणसं नाकाला रुमाल लावून लांब सरकली. कुत्र्यांमुळे नव्हे, त्याच्यामुळे. बावीस वर्षं हेच चाललं होतं आणि बावीस वर्षांत त्याला त्याची सवय झालेली नव्हती. माणसाला कशाचीही सवय होते असं म्हणणाऱ्यांना एकदा त्या कढईपाशी उभं करायला हवं.

कारखाना सरसाचा, म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरतात त्या खळीचा होता. खाटीकखान्यांतून हाडं, खुरं, कातड्यांच्या चिंध्या गाड्या भरभरून यायच्या, बहुतेक वेळा अळ्यांसकट. ते सगळं मोठाल्या कढयांत उकळायचं, वर येणारी चरबी लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढून पिपांत भरायची, आणि खाली उरेल त्याचा सरस करायचा. चरबी साबणवाल्यांकडे जायची. आपण घाण व्हायचं आणि लोकांनी त्यावर स्वच्छ व्हायचं, हा विनोद पहिल्यांदा त्यानंच केला होता. पुढे त्याला स्वतःलाच त्यावर हसू येईनासं झालं. कढई विभागात तो झाऱ्यावर होता. वास नुसता कपड्यांना लागला असता तर कपडे बदलले असते. तो नखांच्या मुळांत शिरला होता, पडजिभेच्या मागे जाऊन बसला होता. साधं पाणी प्यायलं तरी ते उकडलेल्या खुराचं लागायचं. सोबत्यांनी त्याचं नाव अत्तरवाला ठेवलं, आणि खरं नाव हळूहळू हजेरीपुरतं उरलं.

घरची माणसं वाईट नव्हती. बायको वेगळ्या खोलीत झोपायची आणि त्याचे कपडे काठीनं उचलायची, पण कधी बोलून दाखवायची नाही. सून त्याचं ताट मागच्या गॅलरीत नेऊन ठेवायची. "बाबा, इथे वारा छान येतो," म्हणायची. वारा कुणाच्या सोयीसाठी होता हे न कळायला तो दूधखुळा नव्हता. चार वर्षांच्या नातीला मात्र अजून खोटं बोलता येत नव्हतं. "आजोबा, शी!" म्हणून ती पळायची. एकदा त्यानं हौसेनं तिला कडेवर घेतलं, तर पोरीनं भडाभडा ओकून टाकलं. तेव्हापासून त्यानं तिला हात लावला नव्हता.

त्याला हवं होतं ते एवढंच: पॅकिंग विभागात बदली, बास. तिथे सरसाच्या कोरड्या, चकचकीत वड्या खोक्यांत भरायच्या असतात. कसला वास नाही, अंगावर पांढरा युनिफॉर्म. त्यासाठी त्यानं आजवर नऊ अर्ज केले होते आणि नवाच्या नवांना केराची टोपली मिळाली होती.

आणि सगळ्या जगात हा वास आवडायचा तो फक्त या कुत्र्यांना. बॉयलरमागे फुटक्या सिमेंटच्या पाइपांचा ढीग होता, शेजारी कोमट राखेचा. तिथे ती राहायची. त्यांना कुणी पाळलं नव्हतं, कुणी नाव ठेवलं नव्हतं. गटारातून वाहणारी चरबी चाटायची, राखेत लोळायची, आपापसात रक्त निघेस्तोवर भांडायची, मेलेलं पिल्लू स्वतःच खाऊन टाकायची. माणूस जवळ आला की पाइपात गडप. फक्त अत्तरवाला दिसला की सगळी शेपट्या हलवत बाहेर, त्याच्या मागे पार बसथांब्यापर्यंत. ज्याला माणसं टाळतात त्याला कुत्र्यांनी कवटाळावं, यात मिरवण्यासारखं काय होतं? उलट त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. दोन वर्षांपूर्वी अशाच रागात त्यानं झारा फेकून मारला होता. ती कुत्री तेव्हापासून लंगडत होती, आणि लंगडत लंगडत सगळ्यांच्या आधी तीच यायची.

मग एक दिवस मॅनेजरसाहेबांचं बोलावणं आलं.

"अत्तरवाले, दारातच थांबा," साहेब म्हणाले आणि उठून खिडकी उघडून आले. "पुढच्या आठवड्यात बाहेरून मोठं गिऱ्हाईक येतंय कारखाना बघायला. तेव्हा एक कुत्रं दिसता कामा नये."

"पकडणारे दोनदा येऊन गेले की, साहेब."

"आले तसे हात हलवत गेले. विष घातलं, तर हुंगून त्यावर मुतून गेली. उपाशी असतील तर खातील ना! तुमच्याशिवाय ती कुणाजवळ फिरकत नाहीत, सगळा कारखाना सांगतोय. परवा पिंजऱ्याची गाडी येईल. तुम्ही पुढे चालायचं, ती मागे येतील. एवढंच काम."

"नेणार कुठे त्यांना?"

"सोडू लांब रानात कुठेतरी. का हो, पुळका आला का?"

"पुळका कसला? शिसारी येते मला त्यांची."

"मग झालं तर." साहेबांनी पायानं खुर्चीजवळचं एक पुडकं त्याच्याकडे ढकललं. त्यात पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि टोपी होती. "पॅकिंगचा युनिफॉर्म आहे. काम फत्ते झालं की ऑर्डर हातात."

अत्तरवाल्यानं ते पुडकं उराशी धरलं नाही. हाताचा वास लागेल म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरीनं लटकवत घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. अंगाला रॉकेल चोळलं, विटेच्या तुकड्यानं तळवे घासले, तीनदा डोक्यावरून पाणी घेतलं, नखं मुळापर्यंत कापली. जुने कपडे त्यानं सकाळीच घरामागच्या उकिरड्यावर जाळले होते, एकदाची ब्याद गेली म्हणून. संध्याकाळी बायकोनं त्याच्या मानेजवळ नाक नेलं.

"अहो, बरंच गेलंय की!"

"गेलंय ना?"

"थोडं आहे. पण जाईल आता." ती हसली. लग्नानंतर पहिल्या वर्षात हसायची तशी. नात दाराच्या फटीतून बघत होती. जवळ आली नाही, पण पळालीही नाही, आणि अत्तरवाल्याला तेवढ्यानंच स्वर्ग दोन बोटं उरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बॉयलरमागे गेला. गाडी उभी होती. मागे लोखंडी गजांचा पिंजरा, चढायला फळी. साहेब लांब, गाडीच्या पलीकडे उभे होते.

"यू यू यू," अत्तरवाल्यानं हाक मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पाइपांतून अकरा तोंडं बाहेर आली आणि अकराच्या अकरा गुरगुरली. लंगडीनं दात विचकले, मानेवर होते नव्हते तेवढे केस उभे केले. अत्तरवाला एक पाऊल पुढे गेला, तशी ती सगळी पाइपांत शिरली.

"काय झालं हो?" साहेब ओरडले.

"ओळखत नाहीयेत."

"ओळखत नाहीत म्हणजे?" साहेब चार पावलं जवळ आले, त्यांनी नाक वर करून हुंगलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. "साबण लावून आलात? अहो, डोकं काय गहाण टाकलंय का? जुने कपडे कुठेत?"

"जाळले. म्हटलं, पॅकिंगला जायचंय..."

"गाडी अकराला परत जायची आहे. काय करायचं ते करा. नाही जमलं, तर युनिफॉर्म उतरवा आणि चला कढईवर!"

चूक त्याची होती, यात वाद नव्हता. ज्या गोष्टीसाठी बोलावलं तीच तो धुऊन आला होता. कढई विभागाच्या दाराशी परवाच्या चरबीचं पीप होतं. वर राखाडी साय धरलेली, सायीत माश्या रुतलेल्या, काही अजून पाय हलवत होत्या. आजवर चरबी अंगावर उडत आली होती. आपण होऊन त्यानं ती कधी लावली नव्हती. त्यानं बाह्या वर केल्या, मग त्याचं त्यालाच हसू आलं, आणि बाह्या पुन्हा खाली केल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. गार, लिबलिबीत गोळा शर्टावर थापला, पँटवर थापला.

"मानेला पण लावा," लांबून साहेब रुमालातून म्हणाले.

त्यानं मानेला लावली.

कुत्री लगेच आली. आता कुणाला शंका राहिली नव्हती. पायांत घोटाळत, कूं कूं करत ती त्याच्या मागे गाडीपर्यंत चालली, पण फळीपाशी अडली. शेवटी तो स्वतः पिंजऱ्यात चढला, तशी एकामागून एक अकराही चढली. तो वाकून अगदी आतल्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि खाली बसला. लंगडीला चढायला वेळ लागला.

कोपऱ्यात, गजांच्या पलीकडे, चुन्याची चार पोती आणि दोन फावडी होती.

रानात सोडायच्या कुत्र्यांना चुना लागत नाही. सडलेल्या मालाचा खड्डा कारखान्यात त्यानं स्वतः कितीदा बुजवला होता, वरून किती चुना टाकायचा हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. अजून पिंजरा उघडा होता. एक आरोळी ठोकली असती, दोन कुत्र्यांना लाथा घातल्या असत्या, तर सगळी उधळली असती. त्याला दाराच्या फटीतली नात आठवली. खरजेची पाठ त्याच्या मांडीला घासत होती, कुणीतरी त्याची मान चाटत होतं, श्वासाचा कुजका वास येत होता. त्याला किळस आली. स्वतःची आली, रुमालवाल्या साहेबांची आली. कुत्र्यांची मात्र, आज हवी होती तेव्हा, काही केल्या येईना.

तो उठला. कुत्रीही उठली.

"बसा," तो म्हणाला.

ती बसली. तो एकटा खाली उतरला.

"काका, कडी तुम्हीच लावा," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या अंगावर येतील."

त्यानं कडी लावली. "चुना कशाला घेतलाय?"

"मला कशाला विचारता, काका? आत जाऊन आलात, बघितलात ना?" ड्रायव्हरनं विडी फेकली. "फाटकापर्यंत बरोबर चला तेवढे. रस्त्यात ओरडली तर लोक बघतात."

गाडी हळू निघाली. अत्तरवाला शेजारून चालत राहिला, एक हात गजांतून आत सोडून. लंगडीनं तो हात दोन्ही पंज्यांत धरला आणि बोटाबोटानं चाटायला घेतला.

फाटकावर वॉचमननं हात आडवा केला. कारखान्यातून साधा खिळा बाहेर न्यायचा तरी पासावर त्या विभागाच्या माणसाची सही लागते.

"माल काय?"

"टाकाऊ," ड्रायव्हर म्हणाला.

"नग?"

"अकरा."

वॉचमननं लिहिलं आणि पास दोन बोटांनी कोपऱ्याला धरून अत्तरवाल्यापुढे केला. "कर सही. विभाग काय टाकू रे? पॅकिंगला गेलास म्हणे तू."

अत्तरवाल्यानं हात गजांतून काढला. चरबी सगळी चाटून झाली होती. कागदाला डाग पडला नसता इतका तो हात स्वच्छ होता.

"कढई लिही," तो म्हणाला. "पॅकिंग उद्यापासून."

त्यानं सही केली, आपल्या खऱ्या नावानं. फाटक उघडलं. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि वळणापर्यंत जाईस्तोवर तो बघत उभा राहिला. एकही कुत्रं भुंकलं नाही. त्यानं बसा म्हटलं होतं, ती बसली होती.