रोमच्या कुंभाचा कान

मी एक कान बोलतोय. हसू नका. माणसाचा नव्हे, रोमच्या कुंभाचा! द्राक्षाची दारू भरून साता समुद्रापार जाणाऱ्या उंच, दोन कानांना धरून उचलायच्या कुंभाचा.

माझा जन्म इटलीतल्या एका मळ्यातला. मळेवाला द्राक्षं पिकवायचा आणि कुंभही तिथंच भाजायचा. मी ओला असतानाच त्यानं माझ्यावर आपल्या नावाचा ठसा उमटवला. तिथून जहाजानं भडोच आणि पुढे बैलगाडीनं वऱ्हाड. इथल्या एका व्यापाऱ्यानं आमच्यातली दारू चाखली आणि बदल्यात गाडीभर सुती कापड धाडलं. म्हणजे वऱ्हाडाचा कापूस तेव्हाही जगाला ठाऊक होता बरं का! पुढे कुंभ फुटला, गाव उठलं आणि मी दोन हजार वर्षं मातीत पडून राहिलो.

मला वर काढलं इंदूबाईंनी. दर्यापूरच्या वाटेवर त्यांचं गाव, आणि गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या उठलेल्या गावाच्या मातीचं टेकाड. भिंती सारवायला तिथली माती न्यायची, पण ज्यानं त्यानं आपल्याच घराला नेमून दिलेल्या खड्ड्यातून, अशी तिथली रीत. बाकीच्यांची घरं सिमेंटची झाली. वापरात उरला तो इंदूबाईंचाच खड्डा. त्यातच मी सापडलो. मुठीत नीट बसतो म्हणून बाईंनी मला न्हाणीत ठेवलं, टाचा घासायला! अकरा वर्षं घासल्या. ठशाची अर्धी अक्षरं त्यातच गेली. असा संताप व्हायचा माझा, पण सांगतो कुणाला?

यंदा त्यांची लेक पायल नागपूरहून सुट्टीत आली. ती पुरातत्त्व शिकते. लहानपणी तिनंही मला टाचेला लावलेलं, पण आता शिकलेल्या डोळ्यांना ठसा दिसला. टेकाडाची माती रस्त्याच्या भरावाला जाणार होती, सोमवारी मशीन लागणार होती. पायलनं मला तडक आपल्या चंद्रभान सरांकडे नेलं.

"आहे रोमनच," सर म्हणाले, "पण न्हाणीतली वस्तू पुरावा होत नाही. जमिनीत कोणत्या थरात होती ते दाखव, तर टेकाड वाचवता येईल."

घरी येऊन पायलनं विचारलं, "माय, जागा दाखवशीन का?"

"दाखवीन. मंग खड्ड्याचं काय करतीन तुये सर?"

"बंद करतीन. कुंपण लावतीन."

"मंग भिंती कायनं सारवू मी? माह्या सासूनं देल्ला खड्डा हाय तो."

मी धास्तावलो, बाई नाही म्हणाल्या तर? मशीन आली असती तर माझं गाव डांबराखाली गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई टोपलं घेऊन निघाल्या. सर आणि पायल खड्ड्याच्या काठावर उभे होते. बाई आत उतरल्या आणि राखेच्या काळ्या पट्ट्याखाली त्यांनी बोट ठेवलं. "इथं होता. आता पाहा तुमी."

सरांनी हळूहळू माती खरवडली, तर आत माझ्याच कुंभाचा खांदा! माझी तुटलेली कड त्यांनी तिथं लावून पाहिली. अशी चपखल बसली की पायल रडायलाच लागली. सरांनी तिथूनच फोन केला आणि सोमवारची मशीन थांबली.

जाताना बाईंनी टोपलं भरायला हात घातला, तसे सर अवघडून म्हणाले, "बाई, आता मूठभरही नाही नेता येणार."

"बरं," बाई म्हणाल्या आणि रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन घरी गेल्या.

मी आता नागपूरला, कापसात ठेवलेला आहे. लोक मला बघून रोमचं कौतुक करतात. करा. पण कधी त्या गावाला गेलात, तर भिंतींचे पोपडे निघालेलं घर विचारा आणि तिथल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. मळेवाल्याच्या ठशाचा मला अभिमान आहेच, पण बाईंचा जास्त आहे.