करंजदऱ्याची फीत

पुंजाराम आबा तिसऱ्यांदा आमदार झाले होते आणि आता त्यांना हारांचासुद्धा कंटाळा आला होता. लोक म्हणायचे, आबा थकले. थकणार नाहीत तर काय! माणसानं विधानसभेत किती वेळा उभं राहायचं आणि "हे खरे नाही" असलं उत्तर ऐकून किती वेळा खाली बसायचं, याला काही सुमार?

त्या शुक्रवारी क्रांती चौकाजवळच्या त्यांच्या कार्यालयात करंजदऱ्याची अनवरीबी आली. करंजदरा म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यामागचं गाव. खुर्ची पुढं सरकवली तरी बाई बसली नाही.

"आबा, दवाखान्याची इमारत लई झकास बांधली. रंग बी गुलाबी. पन आत डॉक्टर नाय, नर्सबाई नाय. कुलूप हाय नुसतं."

"मला माहीत हाय, अनवरीबी."

"तुम्हाला माहीत हाय, मला माहीत हाय. मंत्र्याला माहीत हाय का?"

तिच्या सुनेला, सदफला, सातवा महिना होता. मागच्या खेपेला शहराकडं नेताना रिक्षातच बाळ झालं आणि ते रडलंच नाही. अनवरीबीनं हे कोरड्या डोळ्यांनी सांगितलं, त्यामुळं आबांना तिच्याकडं बघवेना.

"विचारतो," ते म्हणाले. "या अधिवेशनात विचारतोच."

ती गेल्यावर आबांचा सचिव झीशान प्रश्न लिहायला बसला. करंजदरा येथील आरोग्य केंद्र उद्घाटनापासून बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, डॉक्टर कधी देणार? एवढं लिहून तो थांबला.

"आबा, उद्घाटनाचं नका घालू. फीत कोणी कापली, विसरलात का?"

विसरतील कसे? मागच्या निवडणुकीआधी, आचारसंहिता लागणार अशी कुणकुण लागली, तेव्हा सत्ता आबांच्याच पक्षाची होती. नावाची कोनशिला तयार, पण इमारत रिकामी. मग शेजारच्या बोरटाकळीच्या केंद्रातून खाटा, पडदे आणि खुद्द तिथले डॉक्टर सुदर्शन यांना टेम्पोत घालून आणलं. नारळ, फीत, फोटो. दिवस मावळायच्या आत सगळं बोरटाकळीला परत. आता यात आबांनी काही जगावेगळं केलं असंही नाही. आचारसंहितेच्या तोंडावर या राज्यात कात्र्या पुरत नाहीत!

"घाल," आबा म्हणाले. "होईल ते होईल."

मुंबईत प्रश्नोत्तराच्या तासाला छापील उत्तर हातात पडलं. हे खरे नाही. खाली, प्रश्न उद्भवत नाही. आबा उठून बोलू लागले तोच मंत्री हसत उभे राहिले. हातात फोटो.

"अध्यक्ष महोदय, केंद्र सुरू आहे. सन्माननीय सदस्यांनीच त्याचं लोकार्पण केलंय. हे बघा, खाटा आहेत, पडदे आहेत, शेजारी डॉक्टर उभे आहेत. स्वतः कापलेली फीत सदस्य विसरले असतील, तर त्याला आमचा काय इलाज?"

सत्ताधाऱ्यांनी बाकं बडवली. आबांच्या बाजूचेही दोघं फिदीफिदी हसले. अशा वेळी गुपचूप बसायचं असतं. मग बाहेर कॅमेऱ्यांपुढं सरकारच्या नावानं शंख करायचा आणि गावात सांगायचं, लढलो बरं का. आबांचे गुडघे सवयीनं वाकलेच होते. पण अनवरीबीचे ते कोरडे डोळे आठवले आणि त्यांना या सगळ्याचा असा वीट आला, की लाज वाटून घ्यायचंही त्राण उरलं नाही.

"अध्यक्ष महोदय, फीत मीच कापली," ते म्हणाले. "खाटा उसन्या होत्या. पडदे उसने होते. डॉक्टर बोरटाकळीचा, फोटोपुरता आणलेला. मी माझ्या लोकांना फसवलं. माझं खोटं मी कबूल केलं, मंत्रिमहोदयांनी त्यांचं करावं. आणि डॉक्टर कधी देता, तेवढं सांगावं."

अध्यक्षांनी मंत्र्यांकडं बघितलं. अधिकाऱ्यांकडून एक चिठ्ठी आली, ती वाचून मंत्री पुटपुटले, "पंधरा दिवसांत देऊ."

दुसऱ्या दिवशी पेपरांनी आबांची सालटी काढली. पक्षातून फोन आला, पुढच्या तिकिटाचं अवघड दिसतंय. "दिसू द्या," म्हणून आबांनी फोन ठेवला.

आणि बघा, मुदतीच्या आतच कुलूप निघालं! अनवरीबीचा फोन आला तेव्हा आबा जेवायला बसले होते.

"आबा, डॉक्टर आला! सदफला तपासलं, बाळ ठीक हाय म्हणला. अल्ला तुमचं भलं करो!"

आबांनी एक भाकरी जास्त खाल्ली. कितीतरी वर्षांनी अन्न गोड लागलं.

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधीच पायरीवर बोरटाकळीची कडूबाई बसलेली. आबांना बघताच पदर खोचून उभी राहिली.

"आबा, आमचा डॉक्टर कुठं गेला?"

"कोण, सुदर्शन?"

"त्योच की. वरून हुकूम आला म्हनं, करंजदऱ्याला जाऊन बस. आता आमच्या केंद्राला कुलूप. माझी लेक बाळंतपनाला आलीया, मी कुठं नेऊ तिला? लोक म्हंत्यात, डॉक्टर पुंजाराम आबानं नेला. खरं हाय का?"

झीशान घसा खाकरून पुढं झाला. तात्पुरती सोय, जागा भरल्या नाहीत, सरकारचा निर्णय, असं सगळं त्याच्या ओठांवर तयार होतं. आबांनी हातानंच त्याला थांबवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आज त्यांच्या दारात उभा होता, आणि त्याला टाळायची ताकदही त्यांच्यात नव्हती.

"खरं हाय, कडूबाई," ते म्हणाले. "बसा. लेकीला कितवा महिना?"